नौसैनिकांच्या आईवडिलांविषयी पश्चिम नौदल कमांडच्या प्रमुखांस खुले पत्र

प्रति,
मा. फ्लॅग ऑफिसर कमांडिंग-इन-चीफ,
पश्चिम नौदल कमांड, मुंबई

महोदय,

भारतीय नौदलात अग्निवीर म्हणून भरती होण्यासाठी किमान वय साडेसतरा वर्षे ठरवण्यात आले आहे, आणि उमेदवाराला अठरावे वर्ष पूर्ण झालेले नसेल तर त्याच्या नोंदणीच्या अर्जावर आईवडिलांची किंवा पालकाची सही असावी लागते. अग्निवीर म्हणजे केंद्र सरकारने १४ जून २०२२ रोजी जाहीर केलेल्या अग्निपथ योजनेखाली चार वर्षांसाठी सेवेत घेतलेला सैनिक. भरतीच्या वेळी तो अविवाहित असावा लागतो आणि या चार वर्षांत त्याला किंवा तिला लग्न करता येत नाही. हे दोन नियम एकमेकांशेजारी ठेवून वाचले की एक गोष्ट आपोआप स्पष्ट होते: आज युद्धनौकेवर चढणाऱ्या तरुण खलाशाचे कुटुंब म्हणजे त्याचे आईवडील आणि भावंडे, आणि पुढची चार वर्षे या कुटुंबात नियमानेच दुसऱ्या कुणाची भर पडणार नाही. ज्या आईवडिलांची सही शासनाने मागून घेतली, त्यांच्याशी त्या सहीनंतर नौदलाचा पत्रव्यवहार कोणता असावा, हा प्रस्तुत पत्राचा विषय आहे आणि तो आपल्यापुढे पूर्ण आदराने मांडला जात आहे.

हे पत्र मीरा रोड पूर्वेच्या शांती नगरातून लिहिले जात आहे, याला कारण आहे. सेक्टरांमध्ये विभागलेली, सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या इमारतींनी दाटलेली ही वसाहत गेल्या शतकाच्या अखेरीस मुंबईत घर घेणे न परवडणाऱ्या नोकरदार कुटुंबांनी भरत गेली, आणि तिचा दिवस आजही पश्चिम रेल्वेच्या लोकलच्या वेळापत्रकावर चालतो. मीरा-भाईंदर शहराला समुद्र परका नाही. पश्चिमेला उत्तन, पाली आणि चौक येथील कोळीवाड्यांचा किनारा आहे, उत्तरेला वसईची खाडी आहे, आणि मध्ये मिठागरे आहेत. नौदल मात्र या शहराला परके आहे. कुलाब्याच्या नेव्ही नगरात किंवा मालाडजवळ मार्वे येथील आयएनएस हमला या तळाच्या आवारात राहणाऱ्या कुटुंबाला जहाज निघाल्याचे सांगावे लागत नाही, कारण समोरच्या दारातील माणूसही त्याच जहाजावर असतो किंवा कधी तरी असलेला असतो. शांती नगरात एका मजल्यावरच्या चार घरांपैकी एखाद्याच घरातील मुलगा नौदलात असतो, आणि शेजारी ती नोकरी मर्चंट नेव्हीची, म्हणजे व्यापारी जहाजांवरची, समजून पगार डॉलरमध्ये मिळतो का असे विचारतात. अशा ठिकाणी आईवडिलांची काळजी वाटून घेणारे कुणी नसते, ती दाराच्या आतच राहते.

नौदलाची कल्याणव्यवस्था ज्या काळात आकाराला आली, त्या काळात खलाशी पंधरा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ सेवेत राहत असे, सेवेतच त्याचे लग्न होई, आणि कुटुंब म्हणजे पत्नी व मुले हे गृहीत धरूनच निवासस्थाने, शाळा, दवाखाने आणि संघटना उभ्या राहिल्या. नेव्ही वाइव्ज वेल्फेअर असोसिएशन या नावाने वाढलेल्या संघटनेने नौसैनिकांच्या पत्नींसाठी जे काम केले आहे, त्याची किंमत कमी लेखण्याचा येथे यत्किंचितही हेतू नाही. नवरा समुद्रावर असताना परगावी एकटीने घर चालवणाऱ्या स्त्रीला त्या कामाचा जो आधार मिळाला, तोच आधार आता आणखी कुणाला तरी हवा आहे, इतकेच म्हणायचे आहे. अग्निवीराला पत्नी नाही, त्याला कुटुंबासह राहण्याचे नौदलाचे घर मिळत नाही, आणि त्याचे आईवडील नौदलाच्या कोणत्याही वसाहतीत राहत नाहीत. त्यामुळे या व्यवस्थेची सगळी दारे ज्या दिशेला उघडतात, त्या दिशेला ते उभेच नसतात.

आईवडिलांचा आधार म्हणजे नेमके काय, हे अशा चर्चांमध्ये क्वचित सांगितले जाते. अभिमान, त्याग, आशीर्वाद या शब्दांनी तो विषय झाकला जातो. प्रत्यक्षात हा आधार बारीकसारीक आणि दीर्घकाळ चालणाऱ्या कामांचा असतो. भरती झालेला मुलगा किंवा मुलगी प्रथम ओडिशातील चिल्का सरोवराच्या काठी असलेल्या आयएनएस चिल्का या प्रशिक्षण केंद्रात जाते. तेथील सोळा आठवड्यांच्या मूलभूत प्रशिक्षणानंतर ज्याच्या त्याच्या कामाप्रमाणे पुढील शिक्षण होते, म्हणजे यंत्रविभागासाठी लोणावळ्याचे आयएनएस शिवाजी, वीजविभागासाठी जामनगरचे आयएनएस वलसुरा, आणि रसद व स्वयंपाकविभागासाठी मार्वेचे आयएनएस हमला. या सर्व काळात घरी येणारे फोन थोडे, ठरलेल्या वेळेचे आणि घाईचे असतात. पहिल्या काही आठवड्यांत पुष्कळ मुले परत येण्याची भाषा बोलतात, आणि त्या वेळी फोनच्या या टोकाला बसलेल्या आईने काय उत्तर द्यावे हे तिला कुणी शिकवलेले नसते. पुढे जहाजावर चढल्यावर पहिल्या खवळलेल्या समुद्रात बोट लागते, पोटात काही ठरत नाही, आणि तशाच अवस्थेत पहाऱ्याची पाळी करावी लागते. जहाजावर या पाळीला वॉच म्हणतात आणि ती दिवसाच्या तशी रात्रीच्या कोणत्याही प्रहरी येते. हे सर्व नेहमीचे आहे, बहुतेकांचे शरीर काही दिवसांत सरावते, हे एक वाक्य आधी कुणी सांगितले असते तर किती घरांतली किती रात्रींची झोप वाचली असती, याचा विचार आपल्या कमांडने करावा.

त्याखेरीज कागदपत्रे असतात. बँकेचे खाते, वारसाचे नामनिर्देशन, पोलीस पडताळणी, जातीचा दाखला, आयकराचे विवरण, धाकट्या भावंडाच्या प्रवेशासाठी लागणारा उत्पन्नाचा दाखला, ही सारी कामे किनाऱ्यावर राहिलेल्यांनाच उरकावी लागतात, आणि ज्याच्या सहीची गरज आहे तो माणूस महिनाभर संपर्काबाहेर असतो. पार्सल पाठवायचे झाले तर पत्त्यावर जहाजाचे नाव आणि त्याखाली ‘द्वारा फ्लीट मेल ऑफिस, मुंबई’ असे लिहितात. फ्लीट मेल ऑफिस म्हणजे नौदलाच्या जहाजांचे टपाल एका ठिकाणी गोळा करून ज्या त्या जहाजाकडे पाठवणारे कार्यालय. दिवाळीच्या फराळाचा डबा या पत्त्यावर पाठवणारे वडील तो कधी पोहोचेल हे विचारत नाहीत, टिकाऊ काय ते विचारतात, म्हणून चकलीच्या जागी शंकरपाळे जातात. नौदलाच्या दृष्टीने हा तपशील क्षुल्लक वाटेल. पण ज्या संस्थेला आपल्या खलाशाचे मन स्थिर हवे आहे, तिने हा डबा बांधणाऱ्या हातांची दखल घेतली पाहिजे, असे या पत्राचे ठाम मत आहे.

आता मौनाविषयी. आईवडिलांकडून देशाला मिळणाऱ्या सगळ्या मदतीत सर्वांत अवघड मदत गप्प राहण्याची असते आणि तिची जाहीर वाच्यता जवळजवळ होतच नाही. जहाज कोठे आहे, कधी निघाले, कोणत्या बंदरात लागणार आहे, ही माहिती शत्रूच्या उपयोगाची असते. म्हणून काही मोहिमांत जहाज स्वतःहून कोणताही संदेश किंवा रेडिओलहर बाहेर सोडत नाही, ज्याला रेडिओ शांतता म्हणतात. डिसेंबर २०१९ मध्ये समाजमाध्यमांतून खलाशांना जाळ्यात ओढून माहिती काढल्याच्या प्रकरणात नौदलाच्या सात जणांना अटक झाली, आणि त्यानंतर नौदलाने जहाजांवर, तळांवर व गोद्यांमध्ये स्मार्टफोन आणि फेसबुकसारख्या माध्यमांच्या वापरावर बंदी घातली. ही बंदी योग्यच होती. तिचा घरापर्यंत पोहोचणारा परिणाम मात्र असा की पाठवलेल्या व्हॉट्सअॅप संदेशापुढे दिवसेंदिवस एकच खूण दिसत राहते आणि ती दोन खुणांची कधी होईल याचा अंदाज बांधण्यासाठी हातात काही नसते.

मे २०२५ मध्ये पाकिस्तानविरुद्धच्या ऑपरेशन सिंदूर या लष्करी कारवाईच्या काळात हा ताण पराकोटीला गेला. विमानवाहू नौकेसह नौदलाचा ताफा उत्तर अरबी समुद्रात तैनात होता. वृत्तवाहिन्यांवर कराची बंदराविषयी निराधार बातम्या धडधडीत सांगितल्या गेल्या. संरक्षण दलांच्या हालचालींचे थेट चित्रण करू नये, अशी सूचना केंद्र सरकारला द्यावी लागली. त्या रात्री ज्या घरांतील मुले समुद्रावर होती, त्या घरांना दोन्हीकडून कोंडी सोसावी लागली, कारण खरे काय ते त्यांना कळू शकत नव्हते आणि खोटे काय ते समोरच्या पडद्यावर थांबत नव्हते. शिवाय गृहसंस्थेच्या व्हॉट्सअॅप गटावर ‘तुमच्या मुलाचे काय’ अशी विचारणा झाली तर उत्तर काय द्यावे, किती द्यावे, हे त्यांचे त्यांनाच ठरवावे लागत होते. जहाजाचा ठावठिकाणा सांगण्याची मागणी कोणताही शहाणा पालक करणार नाही, आणि प्रस्तुत पत्रही करत नाही. काय सांगता येणार नाही आणि ते का, काय सांगता येईल आणि ते कोण सांगेल, एवढे आधी स्पष्ट करून ठेवले तर मौन पाळणे माणसाला झेपते, कारण मग ते त्याने समजून स्वीकारलेले असते.

जगातील दुसऱ्या नौदलांनी या प्रश्नाची जी उत्तरे शोधली, त्यांतील एक फार विचार करण्यासारखे आहे. ब्रिटिश नौदलाच्या अण्वस्त्रवाहू पाणबुड्या महिनोन्‌महिने पाण्याखाली राहतात आणि त्या काळात बाहेर एकही शब्द पाठवत नाहीत. पण घरून त्यांना आठवड्यातून एकदा मोजक्या शब्दांचा संदेश जाऊ शकतो, ज्याला फॅमिलीग्राम हे नाव पडले. पूर्वी त्याची मर्यादा चाळीस शब्दांची होती, पुढे ती वाढवण्यात आली. उत्तर येणार नाही हे माहीत असूनही चाळीस शब्दांत काय मावते, हे लिहिणाऱ्याने शिकायचे असते. आणि संदेशात मन विचलित करणारे काही नाही ना, हे आधी तपासले जाते. या व्यवस्थेचा आणखी एक भाग असा की घरी मृत्यूसारखी घटना घडली तर ती गस्तीच्या काळात कळवावी की परतल्यावर, याचा निर्णय प्रत्येक पाणबुडी सैनिक निघण्यापूर्वी स्वतः नोंदवून ठेवतो. हा निर्णय क्रूर वाटतो, पण त्यातून घरच्यांवरचे एक भयंकर ओझे उतरते. आपल्याकडे आजी अत्यवस्थ असताना समुद्रावरच्या नातवाला कळवायचे की नाही, हा प्रश्न रुग्णालयाच्या व्हरांड्यात उभे राहून, एकमेकांवर रागावत, रडत सोडवला जातो, आणि जो निर्णय होतो त्याबद्दल पुढे वर्षानुवर्षे कुणी तरी कुणाला तरी दोष देत राहते. निघण्यापूर्वी मुलाने आणि आईवडिलांनी याविषयी एकदा मोकळेपणी बोलावे, असे नौदलाने नुसते सुचवले तरी या घरांवर मोठा उपकार होईल.

अमेरिकी नौदलात अॅडमिरल एल्मो झुमवॉल्ट यांनी १९७० साली प्रत्येक जहाजासाठी कुटुंबांचा प्रतिनिधी नेमण्याची पद्धत सुरू केली. जहाजाचा कप्तान आणि किनाऱ्यावरची कुटुंबे यांच्यातील दुवा म्हणून काम करणारी ही व्यक्ती बहुधा एखाद्या नौसैनिकाचीच जोडीदार असते. सुरुवातीला हा विचार पत्नींच्या अडचणींसाठी झाला होता, पुढे अविवाहित खलाशांचे आईवडीलही या व्यवस्थेच्या कक्षेत आले. तेथे परतीच्या प्रवासाच्या अखेरच्या टप्प्यात आईवडिलांना व भावंडांना जहाजावर घेऊन येण्याचीही प्रथा आहे. आपल्या नौदलातही कुटुंबीयांना एक दिवस समुद्रावर नेण्याचे कार्यक्रम होतात, आणि अशा दिवशी तीनमजली पलंगातली आपल्या मुलाची झोपायची जागा, त्याची पेटी, त्याचे जेवणघर पाहून परतलेल्या आईला पुढे वादळाची बातमी ऐकताना निदान तो कोठे झोपला असेल याचे चित्र डोळ्यांपुढे आणता येते. अशा दिवसांची निमंत्रणे आईवडिलांपर्यंत, विशेषतः मुंबईबाहेर राहणाऱ्यांपर्यंत, ठरवून पोहोचावीत.

अपघाताच्या वेळचा प्रश्न याहून गंभीर आहे आणि त्याविषयी लिहिताना हात जड होतो. ९ डिसेंबर १९७१ रोजी आयएनएस खुकरी अरबी समुद्रात बुडाली तेव्हा १८ अधिकारी आणि १७६ खलाशी, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह, तिच्याबरोबर गेले; त्या काळी घरी बातमी नेणारा तारवाला असे. १४ ऑगस्ट २०१३ रोजी मुंबईच्या नौदल गोदीत आयएनएस सिंधुरक्षक ही पाणबुडी स्फोटाने बुडाली आणि तिच्यातील १८ जण गेले, तेव्हा शहराने त्या रात्रीच्या ज्वाळा दूरचित्रवाणीवर पाहिल्या. १८ जानेवारी २०२२ रोजी याच गोदीत आयएनएस रणवीरवर झालेल्या स्फोटात तिघांचा मृत्यू झाला. जुलै २०२४ मध्ये आयएनएस ब्रह्मपुत्रला आग लागून ती कलंडली, एक नौसैनिक बेपत्ता झाला, आणि त्याचा मृतदेह सापडेपर्यंत काही दिवस गेले. जहाजाचे नाव बातमीत येते त्या क्षणापासून त्या जहाजावरच्या प्रत्येक खलाशाच्या घरी, ज्याला काहीही झालेले नाही त्याच्याही घरी, तीच घालमेल सुरू होते. बातमी मृत्यूची असेल तर ती माणसाने दारी जाऊन सांगावी, ही लष्करी परंपरा योग्यच आहे. परंतु जे सुखरूप आहेत त्यांच्या शेकडो घरांना ‘आपला मुलगा सुरक्षित आहे’ हे चार शब्द किती तासांत आणि कुणाच्या तोंडून कळतील, याची ठरलेली पद्धत आईवडिलांना आधीच माहीत असली पाहिजे. मीरा रोडहून लोकलने चर्चगेट आणि तेथून गोदीच्या लायन गेटपर्यंत जाऊन पहारेकऱ्याला मुलाचे नाव सांगत उभे राहण्यापलीकडे त्यांच्यापुढे दुसरा मार्ग असावा.

मुलींच्या बाबतीत प्रश्न तेच आहेत, फक्त घराबाहेरचे दडपण अधिक आहे. नौदलात स्त्री अधिकाऱ्यांचा प्रवेश १९९२ पासून असला तरी त्यांना कायमस्वरूपी कमिशन, म्हणजे निवृत्तीच्या वयापर्यंत अधिकारीपदी राहण्याचा हक्क, १७ मार्च २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने मिळाला. २८ मार्च २०२३ रोजी चिल्का येथून बाहेर पडलेल्या अग्निवीरांच्या पहिल्या तुकडीत सुमारे २,६०० जण होते आणि त्यांत २७३ मुली होत्या. खलाशी म्हणून मुली भरती होण्याची ती पहिलीच वेळ. त्याच वर्षाच्या अखेरीस लेफ्टनंट कमांडर प्रेरणा देवस्थळी यांची आयएनएस त्रिंकट या नौकेच्या प्रमुखपदी नेमणूक झाली आणि भारतीय युद्धनौकेचे नेतृत्व करणारी पहिली स्त्री म्हणून एका मराठी आडनावाची नोंद झाली. या बातमीने अनेक घरांतील वाद मिटवले असतील. तरीही ज्या वडिलांनी मुलीला चिल्काच्या गाडीत बसवून दिले, त्यांना जहाजावर मुलींच्या राहण्याची सोय कशी आहे, तक्रार असेल तर ती कुणाकडे करायची, हे नातेवाइकांपुढे अधिकाराने सांगता यावे यासाठी त्यांच्या हाती नौदलाचा कागद हवा. शेजारणीच्या प्रश्नाला ‘तेथे सगळे ठीक असते’ असे नुसत्या विश्वासावर उत्तर देणाऱ्या आईची बाजू त्या कागदाने भक्कम होईल.

मुंबई आणि खलाशी यांच्या नात्याचा एक जुना अध्याय येथे आठवणे आवश्यक वाटते. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी कुलाब्याच्या एचएमआयएस तलवार या केंद्रात निकृष्ट अन्न आणि अपमानास्पद वागणूक यांविरुद्ध शाही हिंदी नौदलाच्या खलाशांनी काम बंद केले आणि पाहता पाहता बंदरातील जहाजे त्यात सामील झाली. ब्रिटिशांनी त्यांचे अन्नपाणी तोडण्याचा प्रयत्न केला, तेव्हा सामान्य मुंबईकर खाण्याच्या वस्तू घेऊन गेटवे ऑफ इंडियाच्या धक्क्यावर आले आणि त्या होड्यांतून जहाजांवर पोहोचल्या. पुढच्या दिवसांत लष्कराच्या गोळीबारात दोनशेहून अधिक नागरिक मेले. त्या खलाशांत कोकणातले होते तसे पंजाबातले, मलबारातले आणि बंगालमधलेही होते, आणि त्यांचे आईवडील शेकडो मैल दूर होते. या शहराने तेव्हा पालकांची जागा घेतली होती. आज परिस्थिती उलटी आहे, खलाशाचे आईवडील या महानगरातच आहेत आणि मुलगा दूर आहे. पण शहराची जबाबदारी संपली असे म्हणता येत नाही.

म्हणूनच हे पत्र आपल्याला लिहिलेले असले तरी त्याची प्रत मीरा-भाईंदर महानगरपालिकेनेही वाचावी. मीरा रोडचेच मेजर कौस्तुभ राणे ७ ऑगस्ट २०१८ रोजी काश्मीरच्या गुरेझ भागात घुसखोरांशी लढताना धारातीर्थी पडले आणि त्यांचे पार्थिव मीरा रोडला आणले गेले, तेव्हा भर पावसाळ्यात रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसे उभी होती. हे शहर आपल्या सैनिकाला निरोप कसा द्यावा हे जाणते. जिवंत, सेवेत असलेल्या सैनिकाचे आईवडील या शहरात कोणत्या इमारतीत राहतात, त्यांच्यापैकी कोण एकटे आहे, कुणाला रात्री रुग्णालयात नेणारे माणूस नाही, याची नोंद ठेवणे त्या मानाने किती सोपे आहे! जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय ठाण्याला आहे आणि माजी सैनिकांप्रमाणेच सेवेतील सैनिकांच्या कुटुंबांच्या अडचणी पाहणे त्याच्या कामात मोडते. मीरा रोडच्या साठीतल्या गृहस्थाला मात्र तेथे पोहोचायला रेल्वे बदलावी लागते किंवा घोडबंदर रस्त्याच्या कोंडीत बसावे लागते. महानगरपालिकेच्या प्रभाग कार्यालयात ठरावीक दिवशी या कार्यालयाचा माणूस बसवणे कोणत्याही नव्या कायद्याविना शक्य आहे.

अग्निवीरांच्या पालकांना आणखी एका गोष्टीसाठी नौदलाच्या स्पष्ट शब्दांची गरज आहे, ती म्हणजे चार वर्षांनंतरचा काळ. पहिल्या वर्षी दरमहा ३०,००० रुपये असलेले आणि चौथ्या वर्षी ४०,००० पर्यंत जाणारे वेतन, त्यातून दरमहा कापले जाणारे ३० टक्के, सरकारने घातलेली तेवढीच भर, आणि अखेरीस मिळणारी व्याजासह सुमारे ११.७१ लाख रुपयांची सेवानिधी नावाची रक्कम, हे आकडे पुष्कळांना पाठ आहेत. कायम सेवेत जास्तीत जास्त २५ टक्के घेतले जाणार आहेत, हेही त्यांना माहीत आहे. पण निवडीचे निकष मुलाच्या रोजच्या कामाशी कसे जोडलेले आहेत, निवड झाली नाही तर जहाजावर शिकलेल्या यंत्रकामाचे प्रमाणपत्र कोठे चालेल, पेन्शन आणि माजी सैनिकाचा दर्जा मिळणार नसताना रुग्णालयाचा खर्च कुणी करायचा, या प्रश्नांची चर्चा घरी बापलेकांत होते ती अपुऱ्या माहितीवर. वर्षाला तीस दिवसांची रजा असते. त्या तीस दिवसांपैकी किती दिवस या एकाच विषयावरच्या वादात जातात, हे शांती नगरातल्या कुणाही अग्निवीराच्या आईला विचारावे. पहिल्या तुकडीची चार वर्षे २०२६ च्या अखेरीस पूर्ण होतात.

नौदलात प्रत्येक खलाशी एखाद्या डिव्हिजनल ऑफिसरच्या हाताखाली असतो. खलाशांच्या एका गटाचे काम, शिस्त, रजा आणि खासगी अडचणी या सर्वांची जबाबदारी ज्याच्याकडे असते तो हा अधिकारी. ही पद्धत जुनी आहे, चांगली आहे, आणि तिच्यासाठी नवे पद, नवा खर्च किंवा नवी इमारत लागत नाही. प्रस्तुत पत्राची मुख्य विनंती या अधिकाऱ्यापाशी येऊन थांबते. मुलगा किंवा मुलगी पहिल्या जहाजावर रुजू झाल्यावर त्याच्या किंवा तिच्या डिव्हिजनल ऑफिसरने आईवडिलांना एक पत्र धाडावे. ते त्यांच्या भाषेत, महाराष्ट्रातल्या घरी मराठीत, असावे; त्यात जहाज कोठे जाणार हे नसावे. अधिकाऱ्याचे नाव आणि हुद्दा, किनाऱ्यावरच्या ज्या कार्यालयात रात्रीही फोन उचलला जातो त्याचा क्रमांक, टपालाचा पत्ता, पार्सलात काय चालते व काय चालत नाही, घरी आजारपण किंवा मृत्यू झाल्यास ते कुणाला आणि कसे कळवायचे, अपघाताची बातमी आली तर घरी खरी माहिती कोणत्या मार्गाने येईल, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांशी काय बोलू नये, एवढे त्यात असले की पुरे. जहाज बदलले की असेच पत्र नव्या जहाजाकडून यावे.

अशा पत्राचा मराठी मसुदा आपल्या कमांडच्या कार्यालयाला हवा असेल तर शांती नगरातील पालक तो तयार करून देण्यास सिद्ध आहेत, आणि तो तपासण्यासाठी लायन गेटच्या आत बोलावणे आले तर रजा टाकून, सकाळची गर्दीची लोकल पकडून येण्याचीही त्यांची तयारी आहे.

कळावे,

शांती नगर, मीरा रोड (पूर्व) येथील
नौसैनिकांच्या पालकांचे हितचिंतक